उतारावर वाजणारा बझर

आवाज यायचा तो आंबा घाट उतरताना, डाव्या वळणावर, ब्रेकवर पाय असताना. हे असं एका वाक्यात सांगता यायला निम्मा हंगाम सरला. सुरुवातीला मला एवढंच कळत होतं की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून कोल्हापूरकडे जाताना पिकअप गप्प असते, आणि रिकामी क्रेट घेऊन परत येताना कधीतरी डॅशबोर्डच्या आतून टी-टी-टी-टी असा बारीक, घाईघाईचा आवाज येतो. दोन-तीन सेकंद वाजतो आणि थांबतो. मीटरवर दिवा एकही लागत नाही. टेंपरेचरचा काटा जागेवर, ऑइलचा दिवा बंद, बॅटरीचा बंद, डिझेल पुरेसं.

दिव्याला निदान चित्र असतं. ऑइलची झारी दिसली की ऑइल, बॅटरी दिसली की चार्जिंग. नुसत्या आवाजाला चित्र नसतं. रात्री दोन वाजता, धुक्यात, साखरप्याच्या बाजूला उतरताना गाडी काहीतरी सांगते आहे आणि काय ते कळत नाही, हे फार वाईट. मी गाडीचं गाणं बंद ठेवायला लागलो. काच थोडी खाली करून चाकांचा आवाज ऐकायचो. बझर मात्र त्याला वाटेल तेव्हाच वाजायचा.

गाडी मी जुनी घेतलेली. डिझेल, पुढे डिस्क, मागे ड्रम, दीड टनाच्या आतबाहेरचा माल नेणारी. बंदरावर अशा कितीतरी आहेत. मासळी नसेल तेव्हा आंबा, आंबा नसेल तेव्हा चिरे, पावसाळ्यात मिळेल ते. आणि समुद्रकाठची गाडी म्हटलं की मीठ आलंच. क्रेटमधलं बर्फाचं पाणी खारट होऊन हौद्यातून खाली चॅसीवर ठिबकत राहतं. कितीही धुतली तरी सांध्यासांध्यात ते बसतंच. म्हणून बंदरावर ज्याला विचारावं त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं, “वायरिंगला मीठ लागलं असेल.” ते चूक नव्हतंच. पण मीठ कुठे लागलंय, हा प्रश्न तसाच राहायचा.

मग एकेकाचे सल्ले. बर्फाच्या गाडीवाल्याने सांगितलं, आधीच्या मालकाच्या वेळी फायनान्सवाल्यांनी चोरून जीपीएस बसवला असेल, तो वाजतो. मी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवा पडलो, सगळ्या वायरी मागोवा घेत बघितल्या. तसलं काही नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, दाराचा स्विच. दार हाताने धरून चालवून बघितली, दार मुद्दाम अर्धवट लावूनही बघितली. दाराचा आवाज निराळा निघाला, सावकाश, एकेक ठोका. सीटबेल्ट म्हणावा तर पट्टा लावलेलाच असायचा.

एका मोठ्या वर्कशॉपमध्येही नेली. त्यांनी स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये एकही एरर नाही. “सर, गाडी ओके आहे,” असं सांगून स्कॅनिंगचं बिल हातात दिलं. मी आवाजाचं पुन्हा सांगितल्यावर म्हणाले, मीटरचं अख्खं युनिट बदलू. किंमत ऐकून मी गाडी बाहेर काढली. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं, पण नंतर कळलं ते इथेच सांगतो: स्कॅनरला फक्त तेच दिसतं जे कॉम्प्युटरकडे जातं. माझ्यासारख्या जुन्या गाडीत काही स्विच कॉम्प्युटरला विचारतच नाहीत, सरळ एका वायरीने मीटरच्या मागे जातात. तिथलं दुखणं स्कॅनरला दिसणार कुठून?

आणि एक सल्ला असा होता जो मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मिळाला. “बझरची वायर कापून टाक.” चहाच्या टपरीवर मिळाला, टायरवाल्याकडे मिळाला, एका गॅरेजवाल्याने तर हातात कटर घेऊनच विचारलं. काम पाच मिनिटांचं, पैसेही नकोत म्हणाला. मी नको म्हटलं. ज्याने गाडी बनवली त्याने तो बझर उगाच बसवलेला नाही. कशासाठी तरी बसवलाय, आणि ते ‘कशासाठी’ कळेपर्यंत त्याला गप्प करायचं नाही, यावर मी ठाम होतो. आजही आहे.

मध्ये शिमगा आला. शिमग्यात आमच्याकडे पालखी दारात असताना कुठला फिटर आणि कुठला वायरमन. गाव नाचतं, गॅरेजला कुलूप. मासळीची गाडी मात्र चालूच राहते. त्याच दिवसांत बायकोला तिच्या बहिणीकडे मलकापूरला जायचं होतं, म्हणून ती पुढच्या सीटवर बसून आली. परतीच्या वाटेवर तिला मी सांगून ठेवलं होतं, आवाज आला की मोबाईलवर रेकॉर्ड कर, म्हणजे वायरमनला ऐकवता येईल. घाट सुरू झाला, आवाज आला, तिने रेकॉर्ड केलं. पुन्हा आला, पुन्हा केलं. निम्मा घाट उतरल्यावर ती म्हणाली, “अहो, मी तुमच्याकडे कलते ना, तेव्हाच वाजतंय. दाराकडे कलते तेव्हा नाही वाजत.”

मी पुढची सगळी वळणं तेवढंच बघत उतरलो. गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे जातं, म्हणजे डावीकडे बसलेला माणूस चालकाकडे कलतो. बरोबर तेव्हाच बझर. उजव्या वळणाला गप्प. डाव्या वळणालाही ब्रेक न मारता गेलो तर बहुतेक वेळा गप्प. डावं वळण, उतार आणि ब्रेक, तिन्ही जमले की टी-टी-टी-टी. इतके दिवस मी दिवे आणि काटे बघत होतो. तिने अंग कुठे जातं ते बघितलं. तपास खरा सुरू झाला तो तिथून.

हातखंब्याच्या अलीकडे एक म्हातारे वायरमन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पत्र्याची शेड, भिंतीवर जुन्या वायरिंगच्या माळा, आणि एक टेस्टर लाईट जी त्यांच्या हातातून सुटत नाही. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, पण त्यावर बोलले नाहीत. म्हणाले, “आधी तुझ्या गाडीत किती आवाज हायत ता बघू.”

ही पद्धत मला फार आवडली, म्हणून नीट सांगतो. त्यांनी गाडीतला वाजू शकेल असा प्रत्येक इशारा मुद्दाम वाजवून घेतला. चावी काढून हेडलाईट चालू ठेवले आणि दार उघडलं, तर एक लांब, न तुटणारा सूर. दार उघडं ठेवून गाडी पुढे घेतली, तर सावकाश ठोके. पट्टा काढला, तर मधल्या चालीचे, काही वेळाने बंद होणारे. प्रत्येक आवाजानंतर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो, हा नाही. शेवटी म्हणाले, “हँडब्रेक एक दात वर वढ आनि गाडी जरा पुढं घे.”

टी-टी-टी-टी.

तोच! तीच घाई, तोच बारीकपणा. मी ब्रेक मारून गाडी थांबवली आणि चाचांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, मीटरकडे बघत होते. “हँडब्रेक वढलाय. मग दिवा कुठाय?”

हँडब्रेक ओढला की गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा लागतो. माझ्या गाडीत तो लागलेला मी कधी पाहिला नव्हता. गाडी विकणाऱ्याने “या मॉडेलला तो दिवा येत नाही” असं सांगितलं होतं. चाचांनी मीटर काढला, उलटा केला आणि मागचा एक होल्डर पाव फेरा फिरवून काढला. त्यात करंगळीच्या नखाएवढा बल्ब होता, काच आतून काळी पडलेली. दिवा होता, बल्ब उडाला होता. नवा बसवला, चावी फिरवली, लाल दिवा लख्ख लागला. म्हणजे इतके दिवस गाडी दोन वाटांनी सांगत होती, त्यातली एक बंद पडलेली.

पण घाटात माझा हँडब्रेक तर खालीच असायचा. मग हँडब्रेकचा इशारा का? पहिला संशय लिव्हरखालच्या स्विचवर. सीटच्या मधलं कव्हर काढलं तर कपलरवर, म्हणजे वायरीच्या जोडावर, हिरवा गंज फुललेला, मिठाची सगळी कृपा. चाचांनी तो घासला नाही. कपलर सरळ काढून टेप लावून बाजूला बांधला आणि म्हणाले, “जा, एक फेरी मारून ये. आता वाजला तर हँडब्रेक नाय.” ते पण मला पटलं. घासून परत लावला असता आणि आवाज आला नसता, तर मिठामुळे की योगायोगाने ते कळलं नसतं.

कोल्हापूरची फेरी होतीच. परत येताना पहिल्याच डाव्या वळणाला बझर वाजला, आणि या वेळी लाल दिवाही चमकला. मला खरंच बरं वाटलं. पहिल्यांदा आवाजाला चेहरा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी बोनेट उघडायला लावलं. तो लाल दिवा दोन ठिकाणांहून लागतो, त्यांनी समजावलं. एक हँडब्रेकचा स्विच, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतला. डबीच्या झाकणाखाली एक फ्लोट असतो. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो, आतले टोक जुळतात, दिवा लागतो. दोन्ही स्विच एकाच वायरीवर. आता पहिला काढून ठेवलाय, म्हणजे उरला दुसरा.

मी म्हटलं, “चाचा, ब्रेक ऑइल बरोबर आहे. सगळ्यांनी बघितलंय.” आणि खरंच सगळ्यांनी बघितलं होतं. वर्कशॉपमध्ये बघितलं, गॅरेजवाल्याने बघितलं, मी तर दर फेरीआधी बघायचो. पांढऱ्या प्लास्टिकची डबी जुनी होऊन पिवळट झालेली, तिच्यावर मॅक्सच्या खुणेखाली बोटभर अंतरावर ऑइलची तपकिरी रेघ स्पष्ट दिसायची. आताही दिसत होती.

चाचांनी बंपरला गुडघा लावला आणि गाडी हलवायला सुरुवात केली. पुढे-मागे, पुढे-मागे. मला म्हणाले, “रेघ बघ.”

रेघ हलत नव्हती.

ऑइल असतं तर गाडी डुलली की त्याची पातळी डुलायला हवी. रेघ जागच्या जागी. ती ऑइलची पातळी नव्हतीच; ऑइल वर्षानुवर्षं जिथे राहिलं होतं तिथे प्लास्टिकला धरलेला तो डाग होता. टॉर्च दुसऱ्या बाजूने, डबीच्या मागून लावल्यावर त्या डागाच्या बरंच खाली, मिनच्या खुणेजवळ, खरी पातळी हलताना दिसली. पिवळ्या प्लास्टिकमधून अंधुक सावलीसारखी. समोरून टॉर्च मारणाऱ्या कुणालाही ती दिसली नसती.

आता सगळं जुळत गेलं. झाकण आणि त्याखालचा फ्लोट डबीच्या मागच्या, केबिनकडच्या भागात, जरा डावीकडे. उतारावर ऑइल पुढे सरकतं. ब्रेक मारला की आणखी पुढे. डावीकडे वळलं की उजवीकडे. म्हणजे तिन्ही एकदम झालं की फ्लोटच्या खालचा कोपराच कोरडा पडायचा, फ्लोट बसायचा, बझर वाजायचा. वळण संपलं की ऑइल परत जागेवर. चढताना ऑइल मागे, फ्लोटकडेच येतं, म्हणून जाताना गाडी गप्प. आणि रत्नागिरीच्या सपाट रस्त्यावर कुणीही कितीही ट्रायल मारली तरी काही ऐकू येणार नव्हतं.

मी सहज म्हटलं, मग ऑइल टाकून भरून टाकू. चाचा पहिल्यांदाच चिडले. “वरून ओतलास तर बझर गप होईल. ऑइल गेला कुठं, ता कोन सांगनार?”

ब्रेकचं ऑइल बंद नळ्यांत असतं, इंजिनच्या ऑइलसारखं जळत नाही. ते कमी होतं ते दोनच कारणांनी. एक, डिस्कचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. हे सावकाश आणि ठरल्याप्रमाणे होतं. दुसरं, गळती. माझे पुढचे पॅड खरंच संपत आले होते, पण तेवढ्याने एवढी पातळी उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शेजारच्या फिटरला हाक मारली आणि मागची चाकं काढायला लावली.

उजवा ड्रम कोरडा निघाला. डावा काढायला हातोडी लागली, आणि निघाला तेव्हा आतून एक तीव्र, गोडसर तेलकट वास आला. व्हील सिलेंडरची, म्हणजे ड्रमला घासणारे लायनर ढकलणाऱ्या नळकांड्याची, रबरी टोपी बोटाने मागे सारताच आतून ऑइल ओघळलं. लायनरची धूळ आणि ऑइल मिळून काळा लगदा झाला होता, लायनरचा खालचा भाग चिंब. फिटरने सिलेंडर उघडून मला दाखवला. आतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले, आणि त्यावरून घासून वॉशरची कड फाटलेली.

हा गंज आतून येतो, हे मला तिथे कळलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा. ते पाणी सिलेंडरचं लोखंड खातं, आणि दुसरं म्हणजे ऑइलचा उकळबिंदू उतरवतं. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी धरल्यावर ठरलेली किमान हद्द 155 अंशांवर येते. डॉट 3 असेल तर 205 आणि 140. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलं की ड्रम आणि डिस्क भयंकर तापतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतं खाली जातं. फिटर हे हात पुसत, साध्या आवाजात सांगत होता, आणि मी आंबा घाटातली एकेक दरी आठवत होतो. पेडल मला कधी वेगळं लागलं नव्हतं, कारण गळती थेंबाथेंबाची होती आणि डबीत अजून ऑइल होतं. पातळी आणखी उतरून नळीत हवा गेली असती तर मात्र पेडलनेच सांगितलं असतं, आणि तेव्हा पुढे वळण असतं.

मागचे दोन्ही सिलेंडर नवे घातले, एक कोरडा असला तरी. त्याचं वय तेच होतं. लायनर नवे, पुढचे पॅड नवे, डबी नवी, पांढरीशुभ्र. जुनं ऑइल सगळं काढलं. बाटलीत जमलं ते काळ्या चहासारखं. मग हवा काढायचं काम. मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलेंडरपासून, सगळ्यात लांब असलेलं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. पुतण्याला सीटवर बसवलं. फिटर खालून ओरडायचा, “मार... मार... धर!” पुतण्या पेडल दाबून धरायचा, फिटर चाकामागचं हवा काढायचं निपल सैल करायचा, पारदर्शक नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे बाटलीत यायचे. निपल घट्ट, मग “सोड!” बुडबुडे मोठे, मग बारीक, मग साखरेच्या दाण्याएवढे, मग एकही नाही. चारही चाकांना हेच. मध्ये मध्ये चाचा डबीत ऑइल घालत राहिले, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. फेंडरवर चार थेंब सांडले ते त्यांनी लगेच पाण्याने धुतले. हे ऑइल रंग खातं.

हँडब्रेकचा कपलर घासून, ग्रीस लावून परत जोडला. चावी फिरवली, हँडब्रेक वर, दिवा लागला, खाली, विझला. डबीचं झाकण उचलून फ्लोट मोकळा सोडला, दिवा लागला. परत बसवला, विझला. चाचांनी या दोन्ही गोष्टी मला स्वतःच्या हातांनी करायला लावल्या. बिलात फिटरच्या मजुरीपेक्षा सुट्या भागांचे पैसे जास्त, आणि चाचांनी स्वतःचे घेतले ते त्या वर्कशॉपच्या स्कॅनिंगपेक्षाही कमी. मी जास्त देऊ केले, तर म्हणाले बल्ब दहा रुपयांचा होता.

त्यानंतरच्या फेरीला बायको मुद्दाम बरोबर आली. मलकापूर सोडलं, आंब्याला चहा घेतला, उतार सुरू झाला. प्रत्येक डाव्या वळणाला ती माझ्याकडे कलायची आणि आम्ही दोघं कान देऊन असायचो. साखरपा येईपर्यंत काही वाजलं नाही. पेडलही वर आलं होतं, ब्रेक आधीच्यापेक्षा लवकर धरत होता.

आता चावी फिरवल्यावर लगेच स्टार्टर मारत नाही. सगळे दिवे लागतात का ते आधी बघतो, कारण जो दिवा त्या वेळी लागत नाही तो पुढे गरज पडेल तेव्हाही लागणार नाही. आणि बंदरावर लिलावाची वाट बघत गाड्या उभ्या असतात तेव्हा ओळखीच्यांची बोनेटं उघडायला लावतो, बंपरला गुडघा लावतो आणि रेघ हलते का बघतो. बहुतेकांची हलते. बर्फाच्या गाडीवाल्याची हलली नाही. 1 जूनला मासेमारी बंद झाल्यावर बघू, असं तो म्हणत होता. मी त्याला त्याच दुपारी, गाडी रिकामी असतानाच, हातखंब्याला चाचांकडे घेऊन गेलो.